कामावर अपघात झाला तर भरपाई कशी मिळवायची? खान्देशातल्या कामगारांसाठी सविस्तर माहिती

दसरा सरला की बोदवड, जामनेर, धरणगावकडच्या जिनिंगांसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिल, चटईचे आणि पाइपाचे कारखाने बारा महिने तीन पाळ्यांत चालतात. रावेर-यावलला केळीच्या गाड्या भरणारे हमाल, दोंडाईचा-नंदुरबारला मिरचीवरची माणसं, धडगाव-अक्कलकुव्याहून गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, शिवाय ठिकठिकाणी स्लॅब टाकणारे आणि थ्रेशरवर मजुरी करणारे. या प्रत्येक कामात कधी ना कधी कुणाचं बोट जातं, कुणाची पाठ मोडते, कुणाचा डोळा जातो. मग गावात ठरलेली चर्चा होते: मालकाने दवाखाना केला, वर वीस हजार दिले, भला माणूस आहे.

मालक भला असेलही, पण भरपाई त्याच्या भलेपणावर सोडलेली नाही. कायद्याने ती त्याची जबाबदारी आहे, आणि ही जबाबदारी 1923 सालापासूनची आहे. त्या वर्षीचा कामगार नुकसानभरपाई कायदा पुढे कर्मचारी भरपाई कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये विलीन झाला आहे. नाव आणि कलमांचे आकडे बदलले, पण हिशेबाचा गाभा तोच राहिला. तुमचा अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुन्या कायद्याने दावा चालेल.

या कायद्यात चूक कुणाची होती हे सिद्ध करावं लागत नाही. मालकाने हयगय केली हे दाखवायची गरज नाही. तीनच गोष्टी दाखवायच्या: मी इथे कामाला होतो, काम करताना किंवा कामामुळे इजा झाली, आणि इजेने माझी कमाई कमी झाली. तरीही दावे फसतात. ते बहुतेक वेळा कोर्टात नव्हे, तर पहिल्या दोन दिवसांत दवाखान्यात फसतात. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या दोन दिवसांना दिली आहे.

कायदा कुणाला लागू होतो

कायम कामगार, रोजंदारीवाला, ठेकेदाराचा माणूस, हंगामी, अगदी आज सकाळी पहिल्यांदा कामावर आलेला, सगळे यात येतात. एक दिवसाचा रोज होता म्हणून हक्क बुडत नाही. पूर्वी कारकुनी काम करणारे बाहेर होते, आता मुनीमही आत आहे. कारखाने, बांधकाम, वाहनं, गोदामं आणि बाजारातली हमाली, विजेची कामं अशी धंद्यांची मोठी यादी कायद्याला जोडलेली आहे. शेतीत मात्र एक मेख आहे. ट्रॅक्टर, थ्रेशर, मोटर अशा यंत्रावर चालणारं शेतकाम त्या यादीत स्पष्ट दिलेलं आहे. नुसत्या विळ्या-खुरप्याच्या कामाचा दावा उभा करणं जड जातं. शेतमजुराच्या बाबतीत म्हणूनच यंत्राचा उल्लेख पहिल्या कागदापासून यायला हवा.

अपघातच हवा असंही नाही, धंद्यातून लागणारे आजारही यात धरले आहेत. कापसाच्या धुळीने फुप्फुसं खराब होणं, म्हणजे बिसिनोसिस, त्या यादीत आहे, आणि दगडाच्या भुकटीने होणारा सिलिकोसिसही. जिनिंगमध्ये पाच-सात हंगाम काढलेल्या बायकांना सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी होते. त्याला दमा म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि प्रकरण तिथेच संपतं. डॉक्टरला तुम्ही कुठे काम करता हे स्वतःहून सांगा. तो विचारेलच असं नाही.

पहिलं पाऊल: केस पेपरवर काय लिहिलं गेलं?

अपघात झाला की मालकाची किंवा सुपरवायझरची गाडी निघते. सोबत मुनीम असतो. अपघात विभागाच्या टेबलाशी डॉक्टर विचारतो, कसं झालं? जखमी माणूस कळवळत असतो आणि उत्तर मुनीम देतो: "घरी पडला," किंवा "गाडीवरून घसरला." डॉक्टर तेच लिहितो. केस पेपरच्या वरच्या भागात घडलेल्या प्रकाराची एक ओळ असते. पुढे वर्षभराने विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो.

मुनीम हे दरवेळी वाईट हेतूनेच करतो असं नाही. पोलिसांची कटकट नको, कारखाने तपासणारे सरकारी साहेब यायला नकोत, एवढाच त्याचा विचार असतो. पण किंमत कामगार मोजतो.

म्हणून सोबत घरचं किंवा कामावरचं एक माणूस गेलंच पाहिजे, आणि त्याने डॉक्टरला चार गोष्टी सांगायच्या: कुठल्या ठिकाणी, किती वाजता, कुठल्या यंत्रावर, काय झालं. "अमुक डाळ मिलमध्ये सकाळी दहाच्या सुमारास ग्रेडिंग मशीनच्या पट्ट्यात उजवा हात सापडला" इतकं स्पष्ट. लिहून झाल्यावर केस पेपर वाचायला मागा, मोबाईलवर फोटो काढा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला हजार प्रश्न येतात.

दुसरं, एमएलसी करायला सांगा. म्हणजे दवाखाना पोलिस चौकीला कळवतो आणि पोलिस येऊन जबाब घेतात. सरकारी रुग्णालयात हे सहसा आपोआप होतं, खासगी दवाखान्यात आग्रह धरावा लागतो. भरपाईसाठी पोलिस केस अट नाही, पण त्या तारखेचा सरकारी कागद हाती राहतो. "तो आपला घरना माणूस शे, पोलिस कशाला?" असं कुणी म्हणालं तर घरच्या माणसासाठी कागद नीट व्हायला हवेत, एवढंच उत्तर पुरेसं आहे.

मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. घाई करणारे नातेवाईकच असतात, त्यांना थांबवणं अवघड असतं हे कळतं. पण शवविच्छेदन नसेल तर मृत्यू कामामुळे झाला हे पुढे दाखवणं फार कठीण जातं, विशेषतः कामावर छातीत दुखून माणूस गेला असेल तेव्हा.

दुसरं पाऊल: तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा

डाळ मिल असो की वीटभट्टी, नेमणूकपत्र मिळणारे कामगार थोडेच. पगार हातात, हजेरी मुनीमच्या वहीत. अपघातानंतर त्या वहीतलं पान गायब व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात हे गोळा करून ठेवा: हजेरीच्या पानाचा फोटो, पगाराचे फोनपे-गूगलपेचे मेसेज, "उद्या सहाला ये" असे मुकादमाचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, गेटपास, कारखान्याच्या गणवेशातला फोटो, बँकेचं पासबुक. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या. हंगाम संपला की परगावचे कामगार पांगतात, मग साक्षीदार शोधायला मध्य प्रदेशात जावं लागतं.

पगाराचा लेखी पुरावा नसेल तरी दावा मरत नाही. त्या कामाचा सरकारी किमान वेतन दर धरून हिशेब करता येतो. मात्र खरा पगार त्याहून जास्त असेल तर तो दाखवायची जबाबदारी तुमची.

वयाचा पुरावाही आत्ताच पाहून ठेवा, कारण रक्कम वयावर ठरते: प्रत्येक वयासाठी कायद्यात एक आकडा दिलेला आहे, त्याला गुणक म्हणतात, आणि पगाराचा ठरावीक भाग त्याने गुणून भरपाई निघते. आपल्याकडे अर्ध्या गावाच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी असते, सालही अंदाजे. 45 वर्षांच्या माणसाचा गुणक 169.44 आहे आणि 50 वर्षांच्या माणसाचा 153.09. महिना 12,000 पगार असलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाव्यात एवढ्या फरकाने 98,100 रुपये कमी-जास्त होतात. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो काढून ठेवा.

तिसरं पाऊल: मालकाला लेखी सूचना

तोंडी सांगितलं ते हवेत विरतं. शक्य तितक्या लवकर एका पानाची सूचना द्या. भाषा साधी ठेवा, धमकी नको:

"प्रति, मालक, (कारखान्याचं नाव व पत्ता). मी दिनांक … पासून आपल्याकडे मशीन हेल्पर म्हणून दरमहा रुपये … पगारावर काम करतो. दिनांक … रोजी सकाळी सुमारे … वाजता कामावर असताना ग्रेडिंग मशीनच्या पट्ट्यात उजवा हात सापडून माझी तीन बोटं तुटली. त्या वेळी … आणि … हे हजर होते. मला … रुग्णालयात नेण्यात आलं. ही या अपघाताची सूचना समजावी आणि कायद्याप्रमाणे भरपाई व औषधोपचाराचा खर्च द्यावा. सही किंवा अंगठा, दिनांक."

दोन प्रती काढा. एकीवर पोच घ्या. मालक सही करत नसेल तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती मागा. सूचना दिली नाही म्हणून दावा बाद होतोच असं नाही. अपघात कारखान्याच्या आवारात झाला असेल किंवा मालकाला तो माहीत असेल तर सूचनेचा अभाव आड येत नाही. पण दिलेली बरी.

सूचनेनंतर तीन दिवसांत मालक स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणी करून देऊ शकतो. त्या तपासणीला जा. नकार दिला तर तुमचा हक्क तेवढा काळ थांबतो. तिथेही डॉक्टरला तीच हकीगत सांगा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

मालकाचीही कर्तव्यं आहेत. कारखान्यात 48 तास कामावर येता येणार नाही इतकी इजा झाली तर त्याने ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. त्याने कळवलं नसेल तर तुम्ही कळवा, साहेब येऊन यंत्राची पाहणी करतील. पट्ट्यावर जाळी नव्हती हे त्यांच्या अहवालात आलं तर पुढे "जाळी कामगारानेच काढली" असं म्हणायला जागा उरत नाही.

चौथं पाऊल: रक्कम किती?

इथे बहुतेकांचा अंदाज साफ चुकतो, म्हणून हिशेब सावकाश पाहू.

समजा कामगार 30 वर्षांचा आहे, पगार महिना 12,000. या वयाचा गुणक 207.98.

मृत्यू झाला तर पगाराचा निम्मा भाग गुणिले गुणक: 6,000 × 207.98 = 12,47,880 रुपये.

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचे 60 टक्के गुणिले गुणक: 7,200 × 207.98 = 14,97,456 रुपये. जिवंत माणसाची रक्कम मृत्यूपेक्षा जास्त का, असं काहींना वाटतं. कारण त्याला जगवायचंही असतं.

कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर या 14,97,456 चा ठरावीक टक्का. कायद्याच्या जोडपत्रात अवयवानुसार टक्के दिलेले आहेत: अंगठा गेला तर 30, एका हाताची चारही बोटं गेली तर 50, तीन बोटं 30, दोन बोटं 20, एक डोळा (दुसरा चांगला असताना) 40. वरच्या डाळ मिलच्या उदाहरणात तीन बोटं गेली, म्हणजे 14,97,456 चे 30 टक्के, सुमारे 4,49,237 रुपये. वीस हजार आणि दवाखाना घेऊन गप्प बसलेल्या माणसाने हा आकडा एकदा पाहावा.

अवयव तुटला नाही पण निकामी झाला, बोटं आहेत पण वाकतच नाहीत, तर कायमचा वापर गेला म्हणजे अवयव गेलाच असं कायदा मानतो.

जोडपत्रात न बसणारी इजा, म्हणजे मणका, डोकं, खुबा, यासाठी डॉक्टरने कमाईची क्षमता किती घटली ते ठरवायचं असतं. इथे दोन टक्के एकमेकांत मिसळू देऊ नका. दिव्यांग प्रमाणपत्रावरचा टक्का शरीराचा असतो, भरपाईला कमाईचा टक्का लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हे साफ केलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं. तुमच्या डॉक्टरने दाखल्यात "हा माणूस आधीचं हमालीचं काम करू शकेल का?" याचं उत्तर लिहिलं पाहिजे. नुसता "40 टक्के" हा आकडा अर्धवट आहे.

तात्पुरती इजा असेल तर काम बंद असेपर्यंत दर पंधरवड्याला पगाराचे 25 टक्के, म्हणजे 12,000 वर 3,000 रुपये पंधरवड्याला, जास्तीत जास्त पाच वर्षं. पहिले तीन दिवस वगळले जातात, पण काम बंद राहणं 28 दिवस किंवा जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून मिळतं.

दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो मालकाने द्यायचाच असतो आणि भरपाईतून कापता येत नाही. सगळी बिलं, मेडिकलच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा.

पगाराची वरची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने हिशेबासाठी जास्तीत जास्त 15,000 रुपये पगार धरायचं ठरलं. पगार 18,000 असला तरी गुणाकार 15,000 वरच. माझ्या मते महागाई पाहता ही मर्यादा आता फारच तोकडी आहे, पण आहे ती आहे. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. पगार कमी दाखवायला भत्ते फुगवणाऱ्यांना त्यामुळे थोडा लगाम बसला आहे.

रक्कम महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के साधं व्याज लागतं. मालकाकडे उशिराचं पटणारं कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. विमा असेल तर मूळ रक्कम आणि व्याज कंपनी भरते, दंड मात्र सहसा मालकाच्या खिशातून जातो. तडजोडीच्या बोलणीत ही गोष्ट कामाला येते.

मालक काय काय म्हणतो

"तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस." कारखान्याच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं असेल तर मूळ मालक जबाबदार आहे. त्याने आधी द्यावं, मग ठेकेदाराकडून वसूल करावं. म्हणून दाव्यात दोघांनाही पक्षकार करा.

"त्याचीच चूक होती." नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण नाही. मालकाला सुटका तीनच बाबतींत मिळते: दारू किंवा नशेमुळे अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढलं. आणि यातही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही तिन्ही कारणं चालत नाहीत. हेल्मेट दिलंच नव्हतं आणि आता म्हणतात घातलं नाही, हे तर रोजचंच.

"त्याने उचल घेतली आहे, ती कापून घेतो." नाही. भरपाईच्या रकमेतून उचल किंवा कर्ज वळतं करता येत नाही, तिच्यावर सावकार किंवा बँक जप्ती आणू शकत नाही. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या टोळ्यांमध्ये हा मुद्दा सगळ्यात जास्त दडपला जातो. मुकादमालाही तो बहुधा माहीत नसतो.

"कामावर येताना झालं, कारखान्यात नाही." हा बचाव पूर्वी चालायचा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात वेगळा निकाल दिला. साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने निघाला होता, वाटेत अपघातात गेला. घरून कामावर जाण्याचा प्रवास, वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल तर तोही कामातलाच अपघात धरायचा, असं न्यायालयाने म्हटलं. नव्या संहितेतही येण्या-जाण्याच्या प्रवासातले अपघात धरले आहेत. पाळीची वेळ दाखवणारा कागद इथे सोन्याचा.

"हे घे पन्नास हजार, इथे सही कर." पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून "मला सर्व भरपाई मिळाली, पुढे हक्क नाही" असं लिहून घेतात. कायद्याने हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल आहे. तडजोड करायची असेल तर ती प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. मृत्यूच्या प्रकरणात, तसंच जखमी कामगार स्त्री किंवा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर, एकरकमी भरपाई थेट हातात देणं हे भरपाई देणंच धरलं जात नाही. ती प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हातात मिळालेले पैसे अंत्यविधीला लागले तर घ्या, पण सही करताना "पूर्ण भरपाई" हे शब्द नाहीत ना ते पाहा.

पाचवं पाऊल: आधी ईएसआय तपासा

दहा किंवा अधिक कामगार आणि तुमचा पगार 21,000 पर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच ईएसआय, लागू होतो. पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. ईएसआय असेल तर त्याच अपघातासाठी भरपाईचा दावा करता येत नाही, महामंडळाकडेच जावं लागतं. हे नुकसानीचं नाही. तात्पुरत्या इजेत सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात, कायमच्या अपंगत्वात आयुष्यभर दरमहा, मृत्यूत कुटुंबाला निवृत्तिवेतनासारखी रक्कम आणि अंत्यविधीला 15,000. अपघाताच्या लाभासाठी आधी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही. पगारातून कापतात पण कार्ड नाही, किंवा माणसं दहाच्या वर असूनही नाव लावलेलंच नाही, तर महामंडळाच्या शाखेत लेखी तक्रार करा. न भरलेली वर्गणी ते मालकाकडून वसूल करतात.

सहावं पाऊल: दावा दाखल करणं

मुदत दोन वर्षं, अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नका.

जळगाव आणि धुळ्याला कामगार न्यायालय आहे, सगळे त्याला लेबर कोर्टच म्हणतात. भरपाईची प्रकरणं आयुक्त म्हणून न्यायाधीशच चालवत आले. नव्या संहितेत त्या पदाला सक्षम प्राधिकारी म्हटलं आहे. नव्या व्यवस्थेत तुमचं प्रकरण नेमकं कुणापुढे जायचं ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथे जायचं दुसरं कारण वकील. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. फोनवर 15100.

दावा कुठे करायचा हे सातपुड्यातल्या लोकांना फार महत्त्वाचं आहे. अपघात सुरत किंवा बारडोलीकडे झाला तरी दावेदार जिथे राहतो तिथे, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातही दावा करता येतो. गुजरातला खेपा मारायची गरज नाही. गावी परतताना तिथल्या दवाखान्याचे कागद मात्र घेऊनच निघा. नंतर ते मिळवणं म्हणजे दुसरी मजुरीच.

अर्जाला जोडायचे कागद: केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड, पोलिस कागद, कामाचा आणि पगाराचा पुरावा, वयाचा दाखला, डॉक्टरचा कमाई-क्षमतेचा दाखला, सूचनेची पोच, बिलं. मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची माहिती. विधवा, अज्ञान मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई या सगळ्यांची नावं पहिल्याच अर्जात घाला. सासू आणि सून यांच्यात वाटणीवरून फूट पडली की मालकाचा वकील खुर्चीत रेलून बसतो. वाटणी प्राधिकारी ठरवतो, मुलांचा वाटा सहसा बँकेत ठेव म्हणून राहतो.

मालकाने कामगार भरपाईचा विमा काढला असेल तर विमा कंपनीलाही पक्षकार करा. पॉलिसी नंबर माहीत नसला तरी चालेल, मालकाला ती दाखवायला सांगता येतं.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलं आहे. ते कागदावर. तारखा पडतात, साक्षीदार येत नाही, डॉक्टरची उलटतपासणी लांबते. तयारी वर्ष-दोन वर्षांची ठेवा आणि एकही तारीख चुकवू नका.

गाडीचा ड्रायव्हर असेल तर

केळीच्या ट्रकचा चालक किंवा क्लीनर रस्त्यावर जखमी झाला तर दोन दारं आहेत: मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाईचा दावा. दोन्हींतून एकच निवडायचं. समोरच्या वाहनाची चूक असेल तर न्यायाधिकरणात रक्कम सहसा जास्त मिळते, कारण तिथे 15,000 ची मर्यादा नाही. चूक आपल्याच चालकाची असेल तर भरपाईचा दावाच बरा, तिथे चूक विचारली जात नाही. वकिलाला हा प्रश्न अर्ज करण्याआधी विचारा.

भरपाईशिवाय आणखी काय मिळतं

पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला 20 रुपये, मृत्यूला 2 लाख. बँक खात्यातून ते कापले जातात का ते पासबुकात पाहा. बांधकाम कामगार मंडळात नाव असेल तर कामावर मृत्यू झाल्यास 5 लाख मिळतात. नाव मात्र आधी नोंदलेलं हवं आणि नूतनीकरण चालू हवं. हे पैसे भरपाईतून वजा होत नाहीत.

निकालानंतर

रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा होते आणि तिथून तुमच्या खात्यात येते, म्हणून आधार जोडलेलं, बंद न पडलेलं खातं तयार ठेवा. जनधन खातं बंद पडलं असेल तर ते आधी सुरू करा. मालकाने भरलं नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, त्यासाठी वसुली दाखला मागा आणि तहसील कार्यालयात पाठपुरावा ठेवा. कारखाना विकला गेला तरी भरपाईचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो.

मालक किंवा विमा कंपनी अपिलात जाऊ शकते, मुदत 60 दिवस. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालतात. अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर होतं, आणि मालकाला आधी संपूर्ण रक्कम जमा करावी लागते. अपील दाखल झाल्याची नोटीस आली की घाबरून तडजोडीला बसू नका. जमा झालेल्या रकमेतला भाग अपील चालू असतानाही मिळावा म्हणून खंडपीठात अर्ज करता येतो. तो पहिल्याच तारखेला करायला वकिलाला सांगा.